रेशमाच्या मागचा रंग

उल्हास बोलला ते मराठीत, आणि जर्मनीत वीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाच्या बेफिकिरीनं बोलला. बसथांब्यावर, दवाखान्यात, सुपरमार्केटच्या रांगेत समोरच्याच्या पोटाबद्दल, टकलाबद्दल त्याच्या देखत बोलायचं आणि चेहरा असा ठेवायचा की जणू हवापाण्याची चौकशी चाललीय, ही कला त्यानं आणि मुक्तानं लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कमावली होती. मराठी ही त्यांची आतली खोली. आत शिरून कडी लावली की बाहेर काही ऐकू जात नाही, अशी दोघांची पक्की समजूत. तर रविवारी दुपारी, फ्रांकफुर्टच्या एका संग्रहालयात, कोरियाच्या दरबारी चित्रांच्या प्रदर्शनात, एका राजाच्या तसबिरीसमोर तो बायकोकडे किंचित झुकला आणि चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणाला, "हा कसला राजा? लग्नातला बँडवाला वाटतोय. आता क्लॅरिनेट काढेल बघ बगलेतून आणि नागीण सुरू करेल."

मुक्ता हसली नाही. ती चित्राखालची पाटी वाचत होती, आणि ती पाटी चार ओळींची असूनही तिला ती फार वेळ पुरली. हसली नाही उर्जाही. सोळा वर्षांच्या या मुलीला मराठी अक्षर न् अक्षर समजतं आणि बोलायची वेळ आली की ती जर्मन बोलते. आई म्हणते ताटं घे, ही म्हणते ग्लाइश, म्हणजे आणतेच, आणि ताटं येतात. घरात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालंय. ती बापाच्या शेजारून दोन पावलं पुढे झाली आणि प्रदर्शन दाखवणाऱ्या फ्राऊ हानना स्वच्छ, शाळेत उत्तर द्यावं तशा जर्मनमध्ये म्हणाली, "माझे बाबा म्हणतात, हा राजा लग्नात वाजवणाऱ्या बँडमधल्या माणसासारखा दिसतो. आमच्याकडे ते लोक असेच कपडे घालतात." दहाबारा माणसांचा घोळका होता, तो सगळा वळला. एक म्हातारा जर्मन गृहस्थ सौजन्यापुरता हसला. उल्हासच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मघापर्यंत स्वारी किती खुशीत होती! ऑफिसातल्या युनची बायको ही फ्राऊ हान. कोरियन बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत हे ऐकून मुक्ताला ती न भेटताच आवडली होती. युननं आग्रहानं बोलावलं, म्हणून र्युसेल्सहाइमहून तिघं एस-बान लोकलनं आले. युन स्वतः आलाच नाही, त्याला सर्दी. पहिल्या दालनात जुन्या राजांच्या तसबिरी होत्या: लाल झगा, छातीवर सोनेरी ड्रॅगन, चेहरा समोर, कुठेही सावली म्हणून नाही. फ्राऊ हाननी सांगितलं की हा कातडीचा रंग चित्राच्या पुढच्या बाजूला नाहीच. दरबारी चितारी रेशीम उलटं करायचे, चेहऱ्याचा रंग मागून भरायचे आणि पुढे फक्त बारीक रेषा. मागचा रंग रेशमाच्या धाग्यांतून झिरपून दिसायचा, म्हणून चेहरा रंगवल्यासारखा न वाटता आतून उजळल्यासारखा वाटतो. उल्हास मोटारींच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागात आहे. रंग म्हणजे त्याच्या घरचा विषय. त्यानं लगेच विचारलं की मागचा थर कालांतरानं सुटत नाही का, आणि फ्राऊ हान "गेनाऊ!" म्हणाल्या, अगदी बरोबर, हीच आमची मोठी डोकेदुखी आहे, फार छान प्रश्न. घोळक्यातल्या चारदोन मानाही हलल्या. मग गड्याला चेव चढला. माणसाला आपण हुशार आहोत असं वाटलं की तो पुढचं पाऊल हमखास शेणात टाकतो.

पुढच्या दालनात काळ बदलला होता. राजानं शेंडीसारखा बांधलेला केसांचा बुचडा कापला होता. झगा गेला होता. अंगावर काळसर निळा तंग कोट, छातीभर आडव्या सोनेरी नाड्या, दोन्ही खांद्यांवर झालर, बाजूच्या टेबलावर तुऱ्याची टोपी. चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली, युरोपात काढतात तशी. आता आठवताना उल्हासला स्पष्ट कळत होतं की आधी कोट दिसला, मग जीभ चालली. कोट ओळखीचा होता. इतका ओळखीचा की त्याचा वास आला: घाम, डांबराच्या गोळ्या, पितळेला लावायची पावडर. आणि तो वास दुसऱ्या कुणाला येण्याआधी आपणच काहीतरी बोलून टाकावं, अशी घाई झाली. चोरानं सगळ्यांत आधी चोर चोर म्हणून ओरडावं, त्यातली गत.

"खरंच?" फ्राऊ हाननी विचारलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरोखरच विचारत होत्या. "तुमच्याकडे वादक असा गणवेश घालतात? अजून?"

"या, आल्झो…" उल्हास म्हणाला, म्हणजे हो, तसं बघितलं तर. वीस वर्षांचं जर्मन त्या दोन शब्दांपाशी येऊन थांबलं. "छोट्या गावांमध्ये. लग्नात. म्हणजे, मी गमतीनं म्हणालो."

"हसा, हसा. आमच्याकडेही या चित्राला लोक हसतात," फ्राऊ हान म्हणाल्या. "विद्यार्थिनी होते तेव्हा मीसुद्धा हसायचे. त्या वेळचे परदेशी राजदूत हसले, जपानी हसले. त्याला हसणारे तुम्ही पहिले नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं असणार, हा कोट घातला की आपल्याला कुणी मागासलेलं म्हणणार नाही. आणि नेमकं त्या कोटामुळेच सगळे हसले." एवढं बोलून त्या सगळ्यांकडे वळल्या आणि चेहऱ्यावरच्या सावलीबद्दल सांगू लागल्या. जुन्या चिताऱ्यांना ही सावली म्हणजे तोंडाला लागलेली काजळी वाटायची. हे चित्र फोटो समोर ठेवून काढलंय. पण चितारी दरबारातलाच, जुन्या शाळेत शिकलेला. सावली त्यानं नवी शिकून पुढून घातली, तरी कातडीचा रंग सवयीनं मागूनच भरला. या चित्रात दोन्ही आहे.

उल्हासला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. तो राजाच्या खांद्यावरची झालर बघत होता. त्याच्या वडिलांच्या, आप्पांच्या कोटाची झालर डाव्या खांद्यावर विरलेली होती, कारण बसमध्ये ते नेहमी डावा खांदा खिडकीला टेकवून झोपत. नवजीवन ब्रास बँड, तासगाव. कोट लाल. उन्हाळी लग्नसराईत घामानं त्याचा रंग सुटायचा आणि आप्पा पहाटे घरी येऊन मोरीत मान खाली घालून बसले की आई पाणी ओतायची आणि गळ्यावरून लाल पाणी वाहायचं. लहानपणी उल्हासला ते रक्त वाटून तो रडला होता. आप्पा हसून म्हणाले होते, "रडतंय काय येड्यागत, रंग हाय तो, मास्तरचा रंग!" बँडच्या म्होरक्याला मास्तर म्हणतात. आप्पा म्हणजे विष्णू मास्तर. आप्पांचे गुरू एका छोट्या संस्थानाच्या दरबारी बँडमध्ये होते; इंग्रज पलटणीतल्या कुणा साहेबानं त्यांना शिकवलं होतं. संस्थान खालसा झालं, दरबार गेला, आणि तोच कोट, तेच पितळ लोकांच्या वरातीत उतरलं. आप्पा हे अभिमानानं सांगत. पण गावात ऐकणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय? बँडमध्ये कुठल्या गल्लीतली माणसं असतात हे तासगावात कुणाला विचारावं लागत नाही. कोट अंगावरून उतरतो, गल्ली उतरत नाही. उल्हासनं सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं की ही गल्ली आपण उतरवायची.

आणि त्यासाठी साधं खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही, हीच तर त्यातली गंमत. "वडील काय करतात?" "मास्तर आहेत." झालं. ऐकणारा आपला आपण खडू, फळा, छडी, पेन्शन सगळं जोडून घ्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. हॉस्टेलवर मास्तर, पुण्याच्या पहिल्या नोकरीत मास्तर, मुक्ताच्या घरी बैठकीत मास्तर. जर्मनीत येऊन मात्र त्याला तो शब्द भाषांतरित करावा लागला, आणि त्यानं एका फॉर्मच्या रकान्यात बिनदिक्कत लेऽरर लिहिलं, म्हणजे शिक्षक. मराठीत जे अर्धं खरं होतं ते जर्मनमध्ये पुरतं खोटं झालं. उर्जाला त्यानं तेच सांगितलं होतं. तुझे आजोबा शिक्षक होते. तू एक वर्षाची असताना गेले.

"याच राजाच्या दरबारानं," फ्राऊ हान पुढच्या काचेच्या पेटीकडे जात म्हणाल्या, "इथून, जर्मनीतून, एक कपेलमाइस्टर, बँडचा म्होरक्या, बोलावून घेतला. चित्रकलेत सावली आली, तसं संगीतात पितळ आलं. त्या माणसानं दरबारातल्या मुलांना तुताऱ्या आणि क्लॅरिनेट हातात देऊन सहासात महिन्यांत उभं केलं." पेटीत फोटो होता. टोप्या घातलेली, गणवेश घातलेली, पोटाशी वाद्यं धरलेली कोरियन पोरं आणि मधोमध दाढीवाला जर्मन. घोळका पेटीभोवती दाटला. उर्जा काचेला जवळजवळ नाक लावून बघत होती. मग मान न वळवता तिनं विचारलं, जर्मनमध्येच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"बाबा, कपेलमाइस्टरला मराठीत काय म्हणतात?"

प्रश्न साधा होता. पोरीनं बापाला शब्द विचारला होता, आणि शब्द बापाच्या तोंडात तयार होता, गेली पन्नास वर्षं तोंडातच होता. मुक्तानं पाटीवरून डोळे उचलले. फ्राऊ हानही हसून वाट बघत थांबल्या. त्या शब्दाच्या पहिल्या 'म'साठी उल्हासचे ओठ मिटलेसुद्धा. आणि तो म्हणाला, "माहीत नाही. तसा शब्द नसावा आपल्याकडे."

मुक्तानं त्याच्याकडे पाहिलं. एकदाच, आणि मग पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तासगावला गेली तेव्हा ट्रंकेत गरम कपडे शोधताना तिच्या हाती तो लाल कोट आला होता. तिनं तो उलगडला, झालरीवरून हात फिरवला, पुन्हा घडी घातली आणि उल्हासला एवढंच म्हणाली, "सांगितलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं." त्यानंतर वीस वर्षांत तिनं हा विषय काढला नाही. उल्हासला तो तिचा समंजसपणा वाटत आला होता. आज, त्या पर्समध्ये चाललेल्या बोटांकडे बघताना, त्याला पहिल्यांदा वाटलं की तो समंजसपणा नव्हता, ती वाट बघत होती. आणि मग वाट बघायचंही तिनं केव्हातरी सोडून दिलं.

मंडळी तिसऱ्या दालनात गेली. उल्हास मागे राहिला. कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता की चित्र बघतोय. प्रत्यक्षात त्याला समोर दिसत होतं पुण्यातलं मंगल कार्यालय, स्वतःचं लग्न, मांडवाच्या दारात वाजवणारा बँड. बँड मुक्ताच्या वडिलांनी ठरवलेला. आप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर, नव्या पांढुरक्या सफारीत, दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरलेले. बोटं आपोआप चालू नयेत म्हणून त्यांनी ते दाबून धरलेत हे त्या मांडवात फक्त उल्हासला आणि त्याच्या बहिणीला, कुंदाला, कळत होतं. आणि चालत्या गाण्यात क्लॅरिनेट थांबलं. वाजवणारा माणूस, पन्नाशीचा, काळा, दाढी पिकलेला, रांग सोडून पुढे आला आणि भर मांडवात आप्पांच्या पायांवर वाकला. "मास्तर! तुमी हितं?" बाकीचा बँड तसाच अर्धवट वाजत राहिला. मुक्ताचे वडील कौतुकानं पुढे आले. "विद्यार्थी वाटतं तुमचा?" आप्पांनी तोंड उघडलं होतं. ते काय बोलणार होते हे उल्हासला कधीच कळलं नाही, कारण तोच मध्ये म्हणाला, "हो, आप्पांचा जुना विद्यार्थी आहे."

आप्पांनी मुंडावळ्यांतल्या मुलाकडे पाहिलं. फार नाही, फुंकणारा माणूस दोन सुरांच्या मध्ये श्वास घेतो तेवढाच वेळ. मग ते व्याह्यांना म्हणाले, "व्हय. हुशार होता पोरगा. गणितात तेवढा कच्चा." पोराचं खोटं उघडं पडू नये म्हणून बापानं स्वतःच्या हातानं त्याच्यावर आणखी एक पांघरूण घातलं. आणि तो वाकलेला माणूस? त्याच्याही ध्यानात आलं. अशा गोष्टी त्या गल्लीतल्या माणसांना पटकन कळतात, सवय असते. तो सरळ उभा राहिला, दोन पावलं मागे सरला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "येतो, सर." मास्तरचा सर झाला. मुक्ताचे वडील जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना सांगत होते, बघा, शिक्षकाची खरी कमाई ही. आप्पा मान हलवत जेवत होते. त्यांनी दोनदा जिलबी घेतली. उल्हासला आज त्या जिलबीची शरम वाटली. ती त्यांनी भूक लागली म्हणून घेतली नव्हती, आपण मजेत आहोत हे पोराला दिसावं म्हणून घेतली होती. तेव्हा त्याला ते दिसलं आणि बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. बापाच्या चेहऱ्यावर मागून कुठला रंग भरलाय हे बघायला त्याला सवड कुठे होती? तो रंग जन्मभर त्यानं पुढूनच बघितला होता, तोही तिरक्या नजरेनं.

राजा समोरून त्याच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. जड कोटात अवघडून बसलेला, कुणीतरी बस म्हटलं म्हणून बसलेला, जरासा घाबरलेला माणूस. सफारीतल्या आप्पांसारखा. आणि आपणही असेच दिसत असू, उल्हासच्या मनात आलं: सोमवारच्या मीटिंगमध्ये, इस्त्रीच्या शर्टात, गेनाऊ गेनाऊ करत. त्याला एकदम बाहेर जावंसं वाटलं.

बाहेर माइन नदीच्या काठावर रविवारची गर्दी होती, सायकली, कुत्री, बाबागाड्या. मुक्ता फ्राऊ हानचे आभार मानायला आत थांबली होती. उर्जा जिन्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. उल्हास तिच्याशेजारी बसला. गुडघे कुरकुरले. नाडी बांधून झाली तरी ती मान वर करेना, म्हणून त्यानंच सुरुवात केली. "सगळ्यांसमोर ते भाषांतर कशाला केलंस गं?"

"तू सगळ्यांसमोर बोललास म्हणून," ती जर्मनमध्ये म्हणाली. "त्यात वाईट काही होतं का?"

"वाईट असं नाही…" तो म्हणाला. मग त्याला वाटलं, आता. आता नाही तर ही पोरगी उद्या परवा घर सोडून शिकायला जाईल आणि तो शब्द आपल्याबरोबरच जाळला जाईल. "उर्जा, तुझे आजोबा… आप्पा शाळेत नव्हते."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"बँडमध्ये होते. क्लॅरिनेट वाजवायचे." ती अजून नाडीकडेच बघत होती. "गेल्या उन्हाळ्यात मी कुंदा आत्याकडे राहिले होते ना. तिच्याकडे तीन म्हातारे आले होते. मला बघायला. मास्तरांची नात, मास्तरांची नात म्हणत होते. मी म्हटलं, तुम्ही त्यांच्या शाळेत होता का. तर सगळे इतके हसले! मग त्यातल्या एकानं खिशातून फोटो काढून दाखवला. आजोबा पुढे उभे, लाल कोट. मस्त दिसत होते. तो माणूस रडायला लागला, मला कळेना काय करू. मी कुंदा आत्याला म्हटलं, बाबांनी मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगेल तुझा बाबा, त्याला जरा वेळ दे." तिनं खांदे उडवले. "दिला वेळ. वर्षभर दिला. आज तू ते बोललास तेव्हा मला वाटलं, फ्राऊ हानना मी सांगितलं तर त्या विचारतील, आणि मग तू सांगशील. त्यांनी विचारलंसुद्धा. मग मी विचारलं. तुला शब्द येत होता, बाबा. तुझे ओठ हलले, मी काचेत बघितलं."

उल्हासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर त्याला एकाच गोष्टीची भीती होती, की पोरीला कळेल तिचा आजोबा कोण होता. ते तिला वर्षापूर्वीच कळलं होतं, आणि तिला त्यात मस्त वाटलं होतं. आज तिला कळला होता तो तिचा बाप. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि जे तोंडात आलं ते नेहमीचंच, कडी लावल्यासारखं.

"अगं, चेष्टेत बोललो मी," तो म्हणाला. "आणि मराठीत बोललो होतो. आपल्या तिघांशिवाय तिथं समजणार कुणाला होतं?"

"आजोबांना," उर्जा म्हणाली.